ब्रिटिश जीटीचा हंगाम: पहिल्यांदा पाहणाऱ्याने वही कशी मांडावी

ब्रिटिश जीटी या मोटार स्पर्धेची शर्यत पहिल्यांदा पाहणारा माणूस साधारण निम्म्या वेळेला गोंधळतो. अर्धा तास जी गाडी पुढे असते ती पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, जाते आणि बाहेर येते ती थेट पाचवी. सातवी असलेली गाडी एकदम पहिली. कुठे टक्कर नाही, कुणी घसरलं नाही, टायर फुटला नाही, आणि समालोचक मात्र हे होणारच होतं अशा सुरात बोलत असतात. त्यांच्यासमोर कागद असतो म्हणून. पुढे असलेल्या गाडीवर मागच्या शर्यतीतल्या यशाची उधारी होती, ती तिला पिटमध्ये जादा सेकंद थांबून फेडावी लागली. पडद्यावरचा क्रमांक ही उधारी धरत नाही. ती आपली आपण धरायची असते, आणि त्यासाठी एक शाळकरी वही पुरते.

आधी थोडी ओळख. ही ब्रिटनची राष्ट्रीय जीटी स्पर्धा, १९९३ पासून चालू असलेली. ती चालवते स्तेफान रातेल यांची एसआरओ ही संस्था. आज जगभर धावणाऱ्या जीटी३ गाड्यांचा वर्गही याच रातेल यांनी २००६ मध्ये ट्रॅकवर उतरवला. कंपनीने स्वतःच्या स्पोर्ट्स कारवरून शर्यतीची गाडी बांधायची आणि पैसे मोजेल त्या टीमला ती विकायची, असा हा मामला. म्हणून ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगांत, लॅम्बोर्गिनी, मॅक्लारेन, पोर्शे, ॲस्टन मार्टिन, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-एएमजी एका रांगेत दिसतात, पण त्या चालवणाऱ्या टीम बहुतेक खाजगी असतात. एका गाडीचे दोन चालक, आणि शर्यतीत मध्येच चालक बदलणं सक्तीचं.

दोन वर्ग ओळखा

ट्रॅकवर एकाच वेळी दोन शर्यती चालू असतात. जीटी३ गाडीची ताकद ५०० ते ६०० हॉर्सपॉवर, वजन १३०० किलोच्या आसपास. जीटी४ ची ताकद चारशेच्या घरात, वजन तिच्याहून जास्त आणि घडण रस्त्यावरच्या गाडीच्या बरीच जवळची. लांबून ओळखायची खूण म्हणजे मागचा पंख आणि चाकांवरचा फुगवटा. जीटी३ चा पंख रुंद, बहुतेकदा वरून हंसाच्या मानेसारख्या दोन दांड्यांनी टांगलेला, आणि पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांवर लहान पाती. जीटी४ शोरूममधून नंबर चिकटवून आणल्यासारखी दिसते. जिनेटा किंवा टोयोटा सुप्रा दिसली तर ती जीटी४ आहे असं समजून चालायला हरकत नाही. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ॲस्टन मार्टिन मात्र दोन्ही वर्गांत असतात, तिथे पंखच पाहावा.

हा फरक फक्त दिसण्यापुरता नाही. ओल्टन पार्कला कोरड्या ट्रॅकवर जीटी३ ची लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, १ मिनिट ३५ सेकंदांच्या आसपास बसते आणि जीटी४ ला त्याहून आठ-नऊ सेकंद जास्त लागतात. म्हणजे दहा-बारा लॅपमध्ये जीटी३ चा म्होरक्या जीटी४ च्या शेपटाला गाठतो आणि तिथून शर्यत संपेपर्यंत त्याला वाटेत गाड्या भेटतच राहतात. पुढच्याला अरुंद वळणात जीटी४ आडवी आली आणि मागच्याला तीच सरळ रस्त्यावर भेटली, तर दोन सेकंदांचं अंतर एका लॅपमध्ये साफ. नवखा प्रेक्षक अशा वेळी चालकाला नावं ठेवतो. आधी वाटेत कोण होतं ते पाहा.

वहीचं पान

शर्यतीच्या आठवड्यात सहभागी गाड्यांची यादी जाहीर होते. ती घेऊन प्रत्येक वर्गासाठी एक पान आखा. रकाने असे: गाडीचा नंबर, टीम आणि गाडी, दोन चालक व त्यांची प्रत, उधारीचे सेकंद, पिटमध्ये शिरल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, शिक्षा. सगळ्या गाड्या लिहीत बसू नका. जीटी३ मधल्या आठ आणि जीटी४ मधल्या पाच पुरेत. हंगाम अर्ध्यावर आला की कोणत्या लिहायच्या ते आपोआप कळतं.

गाडी नंबराने ओळखायची, रंगाने नव्हे. एकाच टीमच्या दोन गाड्या जुळ्यांसारख्या असतात. फरक असला तर आरशाच्या किंवा काचेवरच्या पट्टीच्या रंगाचा. रंगावर विसंबून नोंदी केल्या की तासाभरात दोन गाड्यांचा हिशेब एकमेकांत मिसळतो आणि मग तो सुटत नाही.

चालकांची प्रत

आंतरराष्ट्रीय महासंघ एफआयए प्रत्येक चालकाला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर किंवा ब्राँझ यांपैकी एक प्रत देतो. प्लॅटिनम आणि गोल्ड म्हणजे व्यावसायिक. सिल्व्हर म्हणजे बहुधा वर येऊ पाहणारा तरुण. ब्राँझ म्हणजे हौशी: बहुतेकदा तिशीनंतर लायसन्स काढलेला, आठवडाभर स्वतःचा धंदा सांभाळणारा आणि शनिवार-रविवारी हेल्मेट घालणारा. ब्राँझ आणि व्यावसायिक एकत्र आले की जोडी प्रो-ॲम, सिल्व्हरबरोबर आला तर सिल्व्हर-ॲम. दोघंही सिल्व्हर असलेल्या जोडीत हौशी कुणीच नसल्याने तिला पिटमध्ये जादा वेळ थांबायला लावतात. तो जादा वेळही उधारीच्याच रकान्यात मांडा.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की शर्यत व्यावसायिक चालक जिंकून देतो. उलट आहे. व्यावसायिक मंडळी एकमेकांपासून दोन-तीन दशांश सेकंदांत असतात, अर्ध्या तासात त्यांच्यात पाच-सहा सेकंदांचा फरक पडला तर पडला. हौशी चालकांमध्ये मात्र एका लॅपला सेकंद-दीड सेकंदाचा फरक सहज असतो, आणि वीस लॅपमध्ये त्याचे वीस-तीस सेकंद होतात. म्हणून यादी हातात आली की आधी ब्राँझ चालकांची नावं वाचायची. चांगला ब्राँझ ज्या टीमकडे, ती टीम हंगामभर वरच्या तिघांत घोटाळत राहते. शिवाय गाडीच्या खर्चाचा मोठा वाटा बहुधा त्याच्याच खिशातून येतो, त्यामुळे टीम त्याची मर्जीही सांभाळत असते.

गुण चालकाच्या नावावर जमा होतात, हेही इथेच लक्षात घ्या. २०२२ मध्ये इयन लॉगी एकटाच विजेता ठरला, कारण हंगामात त्याचा साथीदार बदलला होता आणि सगळ्या शर्यतींचे गुण त्याच्या एकट्याच्याच नावावर होते. २०१८ मध्ये जॉनी ॲडमबरोबर ॲस्टन मार्टिन चालवून फ्लिक हेगने विजेतेपद मिळवलं. ब्रिटिश जीटीचं एकूण विजेतेपद जिंकणारी ती पहिली स्त्री. २०२४ ला बार्वेल टीमच्या लॅम्बोर्गिनीत रॉब आणि रिकी कॉलर्ड ही बापलेकाची जोडी जिंकली.

हंगामाचा आकार

तारखा आणि ठिकाणांचा क्रम दर वर्षी थोडा बदलतो. २०२४ चा हंगाम घ्या: ईस्टरच्या सुट्टीत ओल्टन पार्क, एप्रिलअखेर सिल्व्हरस्टोन, मे महिन्यात डॉनिंग्टन, जूनमध्ये बेल्जियममधलं स्पा, जुलैत स्नेटरटन, सप्टेंबरात पुन्हा डॉनिंग्टन आणि शेवटी ब्रँड्स हॅच. सहा ट्रॅक, सात फेऱ्या, नऊ शर्यती. ओल्टन आणि स्नेटरटनला एकाच दिवशी एक-एक तासाच्या दोन शर्यती, बाकी ठिकाणी दोन-तीन तासांची एकच. सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीला ‘सिल्व्हरस्टोन ५००’ म्हणतात. नावात ५०० असलं तरी ती तीन तासांची असते, आणि विजेत्याला आरएसी ट्रॉफी मिळते. चालकांना विजेतेपदाखालोखाल हीच हवी असते.

आता गुण. एक तासाच्या शर्यतीत पहिल्या दहांना २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १. लांब शर्यतीत याच्या दीडपट, म्हणजे विजेत्याला साडेसदतीस. २०२४ च्या साच्यात चार छोट्या शर्यतींतून जास्तीत जास्त १०० गुण आणि पाच लांब शर्यतींतून १८७.५. जवळपास दोन तृतीयांश गुण लांब शर्यतींत असतात. ओल्टनला दोन्ही शर्यती हरलेली जोडी रडत बसत नाही ती यामुळेच. सिल्व्हरस्टोनला गाडी बंद पडलेली जोडी मात्र वर्षभर त्या दिवसाचे गुण शोधत फिरते.

दोन्ही वर्गांचं गुणांचं कोष्टक वेगळं. जीटी४ ची गाडी एकूण चौदावी आली आणि आपल्या वर्गात पहिली असेल, तर तिला पहिलीचेच गुण.

शनिवारची पात्रता फेरी

दोन्ही चालक आळीपाळीने, आपापल्या दहा-दहा मिनिटांत वेळ नोंदवतात. जिथे दोन शर्यती आहेत तिथे हौशी चालकाच्या वेळेवर पहिल्या शर्यतीचा ग्रिड आणि व्यावसायिकाच्या वेळेवर दुसरीचा. जिथे एकच लांब शर्यत आहे तिथे दोघांच्या सर्वोत्तम वेळांची बेरीज.

वहीत दोन्ही वेळा वेगवेगळ्या लिहा, बेरीज लिहू नका. बेरजेत जोडी चौथी दिसते, पण हौशी चालक आपल्यांत पहिला आणि व्यावसायिक अकरावा असेल तर कदाचित व्यावसायिकाच्या चांगल्या लॅपमध्ये फेरी थांबवणारा लाल झेंडा आला असेल किंवा ट्रॅकची हद्द ओलांडल्याने ती लॅप रद्द झाली असेल. अशी जोडी शर्यतीत वर येणारच. उलट, बेरीज फक्त व्यावसायिकाने ओढून आणलेली असेल तर पहिल्या अर्ध्या तासात ती गाडी एक-एक जागा गमावताना दिसेल.

सुरुवात

गाड्या दोन-दोनच्या रांगेत चालत्या येतात आणि दिवा हिरवा झाला की सुटतात. गाडीत बहुतेक हौशी चालक असतो, टायर पुरते तापलेले नसतात, आणि सगळ्यांना पहिल्याच वळणावर शर्यत जिंकायची असते. ओल्टनचं ओल्ड हॉल, डॉनिंग्टनचं रेडगेट आणि ब्रँड्सचं पॅडक हिल या पहिल्या वळणांवर जे व्हायचं ते होतं. पॅडक हिल तर उजवीकडे वळता वळता जमीनच पायाखालून काढून घेतं. ब्रेक मारायच्या जागी गाडी उतारावर हलकी होते आणि मागचं टोक बाहेर जातं. पहिल्या दोन लॅपमध्ये वहीत काही लिहू नका, नुसतं पाहा. तिसऱ्या लॅपपासून नोंदी सुरू करा.

थांबा जवळून

शर्यतीच्या मधल्या ठरलेल्या वेळात, म्हणजे खिडकीत, प्रत्येक गाडीने पिटमध्ये यायचंच असतं. एक तासाच्या शर्यतीत ही खिडकी साधारण दहा मिनिटांची, बरोबर मध्यावर. तिथे मुख्य काम चालक बदलणं. तीन तासांच्या शर्यतीत थांबे एकाहून जास्त, आणि त्यांत पेट्रोल व टायरही येतात.

थांब्याला किमान वेळ ठरलेली असते आणि ती प्रत्येक ट्रॅकची वेगळी. पिटलेनमध्ये शिरण्याच्या रेषेपासून बाहेर पडण्याच्या रेषेपर्यंत ती मोजतात. समजा किमान वेळ ८५ सेकंद आहे आणि मर्यादित वेगाने पिटलेन पार करायला २५ सेकंद लागतात. मग गाडी गॅरेजपुढे उभी राहते ६० सेकंद. चालक बदलायला तेवढे लागत नाहीत. ही ढील मुद्दाम ठेवलेली असते: घाईत पट्टा अर्धवट लागू नये आणि महागडा चमू ठेवणाऱ्या टीमला पिटमध्ये फुकटचा फायदा मिळू नये.

पाहण्यासारखा भाग हाच. गाडी रेषेवर येते तेव्हा चालकाचा अंगठा स्टीअरिंगवरच्या लिमिटरच्या बटणावर असतो. तो निमिषभर उशिरा दाबला तरी वेगाची शिक्षा. गाडी थांबते, इंजिन बंद, दार उघडतं, खिडकीची जाळी सुटते. आतला चालक मधलं बकल फिरवून सहाही पट्टे मोकळे करतो, रेडिओची वायर आणि पाण्याची नळी ओढून काढतो आणि रोल केजच्या आडव्या नळीवरून पाय उचलत बाहेर येतो. उंची जुळत नसली तर सीटमधलं स्वतःच्या मापाचं ओतीव अस्तर तो बरोबर घेऊन उतरतो, दुसरा आपलं टाकून आत बसतो. आता उतरलेला चालक किंवा एखादा मदतनीस आत वाकून पट्टे लावतो: आधी मांड्यांमधले, मग कमरेचे, शेवटी खांद्यावरचे. खांद्याचे पट्टे हॅन्सवरूनच, म्हणजे मान सांभाळणाऱ्या मानेभोवतीच्या चौकटीवरूनच, जायला हवेत. नवख्या जोडीची बहुतेक घोडचूक इथे होते. पट्टा पाठीखाली अडकलेला असतो किंवा हॅन्सवरून घसरलेला असतो, आणि तो सोडवायचा तर बकल पुन्हा उघडावं लागतं. दहा सेकंद तिथेच जातात. रेडिओचा प्लग नीट बसला नसेल तर दुसरीच आफत, कारण निघायची उलटी मोजणी इंजिनिअर रेडिओवरच देत असतो. ती ऐकू आली नाही तर चालक डॅशवरच्या घड्याळावर किंवा समोर उभ्या माणसाच्या हातवाऱ्यावर निघतो, आणि तिथे चूक होते.

किमान वेळेपेक्षा सेकंदाच्या दहाव्या भागाने लवकर निघालात तरी चूक ती चूक, आणि शिक्षा वाचवलेल्या वेळेपेक्षा कितीतरी मोठी असते. म्हणून शहाणी टीम अर्धा-पाऊण सेकंद वर ठेवूनच गाडी सोडते. वहीतल्या ‘आत’ आणि ‘बाहेर’ या दोन रकान्यांची वजाबाकी केलीत तर शिक्षा जाहीर होण्याआधीच कुणाचं चुकलं ते तुम्हाला दिसतं.

उधारीचा हिशेब

मागच्या शर्यतीत वर्गात पहिल्या तीन आलेल्या जोड्यांना पुढच्या शर्यतीच्या थांब्यात जादा सेकंद थांबावं लागतं. अनेक हंगाम चाललेलं कोष्टक असं: एक तासाच्या शर्यतीत १०, ७ आणि ५ सेकंद, लांब शर्यतीत २०, १५ आणि १०. आयोजक आकडे बदलू शकतात, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला नियमावली आणि प्रत्येक शर्यतीआधी निघणारं पत्रक पाहून रकाना भरा. एका दिवसात दोन शर्यती असतील तर सकाळी जिंकलेली जोडी दुपारीच फेडते. पुढच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आली नाही की खातं कोरं.

एक उदाहरण मांडून पाहू. ओल्टन पार्क, थांब्याआधी ‘अ’ गाडी ‘ब’ च्या १२ सेकंद पुढे. ‘अ’ वर १० सेकंदांची उधारी, ‘ब’ वर काही नाही. पडद्यावर अंतर १२, खरं अंतर २. थांब्यानंतर उरला अर्धा तास, म्हणजे सुमारे १९ लॅप. शनिवारच्या नोंदीनुसार ‘ब’ चा व्यावसायिक लॅपमागे ०.३ सेकंदाने वेगवान आहे. सातव्या लॅपला तो ‘अ’ च्या बंपरला लागलेला असणार. आता प्रश्न फक्त ओल्टनवर पुढे काढायला जागा कुठे आहे एवढाच: ओल्ड हॉल, हिस्लॉप्सचं वळण, किंवा शेवटचं लॉज. जीटी४ ची गर्दी नेमकी त्याआधी आली तर ‘ब’ चं काम सोपं होतं.

हे गणित थांब्याआधी पाच मिनिटं मांडायचं. मांडलंत की पुढचा अर्धा तास कुठे नजर ठेवायची ते ठरतं.

सेफ्टी कार आली की

इथे वही सगळ्यात जास्त कामाला येते. ट्रॅकवर अडथळा असला की दोन उपाय असतात. एकात सगळ्यांना जिथे आहेत तिथेच ठरलेल्या कमी वेगाने चालायला लावतात. अंतरं टिकून राहतात. दुसऱ्यात सेफ्टी कार येते, सगळे तिच्यामागे गोळा होतात आणि कमावलेली अंतरं पुसली जातात. वरच्या उदाहरणात थांब्याआधी सेफ्टी कार आली तर ‘अ’ ची १२ सेकंदांची पुंजी गेली, पण १० सेकंदांची उधारी तशीच राहिली. उधारी असलेल्या टीमला सेफ्टी कार नको असते. मागच्या, खातं कोरं असलेल्या टीम तिचीच वाट पाहत असतात.

खिडकी उघडण्याच्या सुमारास सेफ्टी कार बाहेर असेल तर आणखी एक गोष्ट घडते. थांब्याची वेळ ठरलेलीच आहे, पण तेवढ्या वेळात बाकीचे ट्रॅकवर हळू चाललेले असल्याने थांबणाऱ्याचं नुकसान कमी होतं. म्हणून सगळे एकदम आत घुसतात आणि पिटलेनमध्ये रिक्षा स्टँडसारखी दाटी होते. शेजारच्या गॅरेजपुढची गाडी आडवी असल्याने बाहेर निघता न येणं, ही त्या दिवशीची ठरलेली तक्रार.

गाड्यांची जुळवणी

पुढे व्ही८ इंजिन असलेली मर्सिडीज, मध्यभागी व्ही१० असलेली लॅम्बोर्गिनी ऊराकान आणि मागच्या चाकांच्याही मागे इंजिन लादलेली पोर्शे ९११ या एकाच शर्यतीत भिडाव्यात म्हणून प्रत्येकीला आकडे ठरवून देतात: किमान वजन, जमिनीपासूनची उंची, टर्बो असेल तर दाब, नसेल तर हवा आत घेण्याच्या छिद्राचं माप. याला बीओपी म्हणतात. टायर सगळ्यांना पिरेलीचेच.

बीओपीवरून वाद घालणं हा प्रेक्षकांचा आवडता उद्योग. नवख्याने दोन ठिकाणं होईपर्यंत त्यात पडू नये. स्पाच्या केमेल सरळीवर जी गाडी पळते तीच ओल्टनच्या वळणावळणाच्या चढउतारांत सामान्य वाटते. एका ट्रॅकवरून कुठल्याही गाडीवर अन्याय झाला म्हणणं म्हणजे एका ओव्हरवरून खेळपट्टी ठरवणं.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी ही स्वस्तातली मजा आहे. तिकिटात साधारणपणे पॅडकमध्ये फिरायची मुभा असते, म्हणजे गाड्या उघडून दुरुस्त करताना हातभर अंतरावरून दिसतात. दुपारच्या पिटवॉकला मुलांना गाडीजवळ उभं राहून फोटो काढता येतो. ओल्टन, डॉनिंग्टन, स्नेटरटन आणि ब्रँड्स हॅच या एमएसव्ही कंपनीच्या ट्रॅकांवर लहान मुलांना सहसा तिकीट लागत नाही. वयाची अट बुकिंग करताना वाचून घ्या.

पहिल्या खेपेला ब्रँड्स हॅच किंवा डॉनिंग्टन गाठा. ब्रँड्सला पॅडक हिलच्या उतारावर बसलं की वाडगा पाहिल्यासारखा ट्रॅकचा मोठा भाग समोर असतो. डॉनिंग्टनला क्रेनर कर्व्ह्जच्या बाजूने उभे राहा; गाड्या उतारावरून ज्या वेगात दिशा बदलतात तो कॅमेऱ्यात कधीच कळत नाही. सिल्व्हरस्टोन भव्य आहे, पण ५.८९ किलोमीटरच्या सपाटीवर एका जागी बसून फार थोडं दिसतं. ओल्टन सगळ्यांत देखणा, जुन्या बागेतून रस्ता काढल्यासारखा, पण तिथे रेल्वेने जायचा विचार सोडा. आणि ओल्टनची फेरी सोमवारच्या सुट्टीला जोडून आली की पात्रता फेरी शनिवारी आणि शर्यती सोमवारी असतात, रविवारी ट्रॅक शांत. हॉटेल बुक करताना हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

कानाला मफ हवेतच, पाच वर्षांखालच्या मुलांना तर हट्टाने घाला. जुलैतही रेनकोट घ्या, घडीच्या खुर्च्या घ्या. खायला दशम्या-चटणी किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, कारण बर्गरच्या रांगेत उभं राहिलात की नेमकी पिटची खिडकी उघडते. फोनवर टीएसएल या वेळ मोजणाऱ्या कंपनीचं लाइव्ह टायमिंग आधीच उघडून ठेवा आणि पॉवर बँक विसरू नका. गाड्या समोरून जाताना अंतर डोळ्यांनी कळत नाही, टायमिंगवरच कळतं.

त्याच दिवशी आधाराला जीबी३ ही छोट्या फॉर्म्युला गाड्यांची स्पर्धा बहुधा असते. तिचं आधीचं रूप म्हणजे ब्रिटिश एफ३, आणि त्यात २०१८ ला कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक धावत होता. त्या शर्यतीही चुकवू नका.

भारतातून पाहताना

शर्यती एसआरओच्या ‘जीटी वर्ल्ड’ यूट्यूब वाहिनीवर फुकट दिसतात. ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळ असताना आपण साडेचार तास पुढे, त्यामुळे तिकडे दुपारी एकला सुटणारी शर्यत इकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचला, चहाच्या वेळेला. स्पाला फरक साडेतीन तासांचाच. दर वर्षी कुणीतरी तासभर उशिरा टीव्ही लावतं ते यामुळे. चित्र टायमिंगच्या थोडं मागे चालतं, म्हणून टायमिंगवर गाडी पिटमध्ये दिसली की लगेच पडद्याकडे पाहा, चालक बदलताना दिसेल.

टायमिंगमध्ये आधी वर्ग निवडून घ्या, नाहीतर दोन्ही वर्गांची खिचडी दिसते. एकूण अंतराच्या रकान्यापेक्षा शेवटच्या लॅपचा रकाना पाहा. जांभळा आकडा म्हणजे सगळ्यांत वेगवान, हिरवा म्हणजे त्या गाडीचा स्वतःचा सर्वोत्तम. सलग चार-पाच लॅप एका गाडीची वेळ दोन दशांशांनी वाढत चालली तर टायर संपत आलेत. एकच लॅप तीन सेकंदांनी वाढली तर वाटेत जीटी४ भेटली किंवा चालक घसरला.

चौकटीचा झेंडा पडला तरी वही मिटू नका. जाहीर होतो तो तात्पुरता निकाल. त्यानंतर गाड्या बंद आवारात उभ्या करून वजन, उंची, पेट्रोल तपासतात. ट्रॅकची हद्द ओलांडल्याची आणि थांबा कमी पडल्याची प्रकरणं पंचांपुढे जातात, आणि कधी कधी व्यासपीठावर शॅम्पेन उडवून झालेल्या जोडीचा क्रमांक रात्री खाली येतो. उधारीचा रकाना त्या अंतिम निकालावरूनच भरायचा. ब्रँड्स हॅचच्या शेवटच्या शर्यतीनंतर तर घरच्यांना विजेत्याचं नाव सांगण्याआधी तो कागद एकदा पाहून घ्या.